पंप किती एचपीचा घेऊ? (आधी पाइप मोजून या)

डोंगराकडेला घर बांधलेली मंडळी दुकानात आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आमच्याकडे लाईट पोचलेली नाही, सोलरवर चालवायचंय, किती एचपीचा पंप लागेल?" आम्ही उलटं विचारतो, "पाणी कुठे आहे, टाकी कुठे आहे आणि मधला पाइप कोणता?" यावर काहींचा चेहरा पडतो. दुकानदार माल द्यायचा सोडून चौकशी करतो, असं वाटतं. म्हणून हे माहितीपत्रक.

गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ अर्ध्या एचपीचा सोलर पंप जीपमध्ये घालून परत घेऊन आले. "तुमचा पंप पाणीच फेकत नाही." आम्ही दुकानासमोरच्या पिंपात पंप सोडला, पॅनलला जोडला. पाणी रस्त्यापर्यंत उडालं. मग विचारलं, पाइप कोणता टाकला? ओढ्यापासून घरापर्यंत ३०० मीटर, २५ एमएमचा काळा एचडीपीई (गुंडाळी करून मिळणारा प्लास्टिकचा पाइप). पंप आमच्याकडून नेला होता, पाइपची बंडलं दुसरीकडे स्वस्त मिळाली म्हणून तिकडून.

आता हिशोब बघा. ओढ्यातल्या पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंत उभा चढ २२ मीटर. एचडीपीईचं माप बाहेरून धरतात, म्हणजे २५ एमएमचा पाइप आतून साधारण २० एमएमच भरतो. त्यातून ताशी २००० लिटर न्यायचे तर नुसत्या घर्षणात दर १०० मीटरला सुमारे २० मीटर हेड (पंपाची पाणी वर ढकलायची ताकद, मीटरमध्ये मोजलेली) जातं. ३०० मीटरला ६०. म्हणजे २२ मीटरच्या चढासाठी पंपाला ८२ मीटर ढकलावं लागणार, आणि त्या पंपाची ताकद होती जेमतेम ३५ मीटरची. त्यामुळे धार ताशी सातशे लिटरच्या आसपासच राहिली. तेच पाणी ४० एमएमच्या पाइपातून नेलं तर ३०० मीटरला घर्षण साडेचार-पाच मीटर. पंप तोच, पॅनल तेच. पाइप बदलल्यावर टाकी दुपारपर्यंत भरायला लागली, पण दोन्ही वेळचा पाइप आणि चर खणायची मजुरी त्यांच्याच खिशातून गेली.

मोठा पाइप विकण्यात दुकानदाराचा फायदा, असं कोणी म्हणेल. आहेच, नाही कशाला म्हणू? पण बारीक पाइपापायी एचपी वाढवला की पॅनल वाढतात, पॅनलची वीज पंपाला देणारा कंट्रोलर मोठा लागतो, आणि त्यात आमचा फायदा याहून जास्त आहे. शिवाय सोलर पंपाला सकाळी-संध्याकाळी ऊन कमी मिळतं. पाइप मोकळा असेल तर तेवढ्या उन्हातही थोडं पाणी चढतं. मधेच गळा आवळलेला असेल तर पंप नुसता गुरगुरतो.

तर येताना तीन आकडे आणा. पहिला, पाण्याची पातळी. सुतळीला दगड बांधून विहिरीत सोडा, ओली-कोरडी खूण बघा आणि टेपनं मोजा. परसात सांगू नका, प्रत्येकाचा परस वेगळा. आणि हे माप मे महिन्यातलं हवं. ऑक्टोबरात विहीर सगळ्यांचीच काठोकाठ असते. दुसरा, पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंतचा उभा चढ. गवंड्याकडची लेव्हलची (पाणी भरलेली पारदर्शक) नळी घेऊन टप्प्याटप्प्यानं वर चढलात तर अर्ध्या दिवसात अचूक निघतो. मोबाईलवरची उंची धरू नका, ती सहज दहा मीटरनं चुकते. तिसरा, पाइप प्रत्यक्ष ज्या वाटेनं जाणार त्या वाटेची लांबी, किती ठिकाणी वळतो त्यासकट.

मोनोब्लॉक (पाण्याबाहेर बसवायचा पंप) काठावर ठेवून पाणी वर ओढायचा विचार असेल तर एक मर्यादा लक्षात ठेवा. पंप पाणी आपल्या ताकदीइतकं वर ढकलेल, पण खालून ओढताना काम हवेच्या दाबाचं असतं. समुद्रसपाटीला सातेक मीटर, आपल्या डोंगरावर सहाच धरा. त्याखाली पाणी गेलं की पंप हवा धरतो, मग फूट व्हॉल्व्ह (ओढायच्या पाइपच्या तळाची झडप) बदला नाहीतर तसलाच दुसरा पंप आणा, उपयोग नाही. तिथे सबमर्सिबलच (पाण्यात बुडवून ठेवायचा पंप) हवा.

घरात इन्व्हर्टर आहे म्हणून साधा सिंगल फेजचा १ एचपी त्यावर लावू, असंही विचारतात. चालू असताना तो हजारभर वॅट घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट करंट ओढतो. लहान इन्व्हर्टर तिथेच बसतो. सोलर पंपाचा कंट्रोलर मोटर हळूहळू वेगात आणतो, म्हणून तो महाग असूनही आम्ही तोच सुचवतो. ड्राय रन संरक्षण (पाणी संपलं की पंप आपोआप बंद करणारं) असलेलाच घ्या. सरकारी योजनेतल्या पंपाबद्दलही विचारणा होते. त्या योजना शेतीच्या पाण्यासाठी आहेत, घराच्या नळासाठी नाहीत.

टाकी मात्र मोठी घ्या आणि शक्य तितकी वर बसवा. माणशी १३५ लिटर धरले तर चौघांना रोज ५४० लागतात. २००० लिटरची टाकी भरलेली असली की ढगाळ तीन दिवस निघतात, आणि आपल्याकडे जुलैत ते लागतातच. घरामागे टेकाड असेल तर टाकी तिथेच न्या. दहा मीटर उंची म्हणजे चौरस सेंटीमीटरला एक किलोचा दाब. शॉवर आरामात चालतो आणि रात्री बॅटरी खाणारा प्रेशर पंप लागत नाही.

घरातल्या फिटिंगबद्दल थोडक्यात. गरम पाण्याला सीपीव्हीसी, गारला यूपीव्हीसी. दोन्हींचं चिकटवायचं सोल्यूशन वेगळं, एकाचं दुसऱ्याला लावू नका. पांढरा पाइप उन्हात उघडा टाकला तर काही वर्षांत काचेसारखा तडकतो. बाहेर काळा एचडीपीई किंवा पुरलेला पाइप. शनिवार-रविवारी उघडणाऱ्या घरात सोलर बंबाचं पाणी आठवडाभर तापत राहतं, त्यामुळे बंबाजवळचे पहिले दीड-दोन मीटर आम्ही जीआयच (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप) टाकतो.

आकडे आणलेत तर अंदाजपत्रक त्याच दिवशी मिळेल. मोजायला आम्हीच यावं असं वाटत असेल तर येण्याचे पैसे घेतो आणि माल आमच्याकडून घेतल्यास बिलातून वजा करतो. फोनवर "अंदाजे सांगा" म्हटलंत तर सांगत नाही, राग मानू नये. पाण्यात उतरलेला पंप परत घेत नाही. न कापलेलं बंडल घेतो, म्हणून चर बुजवायच्या आधी एकदा पाणी चालवून बघा.