मोफत विधी सेवा
वकिलाची फी परवडत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळण्याच्या व्यवस्थेला मोफत विधी सेवा किंवा विधी सहाय्य म्हणतात. बोलताना लोक याला 'सरकारी वकील मिळतो' म्हणतात पण ते बरोबर नाही, सरकारी वकील हा सरकारच्या बाजूने केस चालवतो आणि हा वकील तुमचा असतो, फी तेवढी सरकार भरतं.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम ३९अ आलं, ते सरकारने मोफत विधी सहाय्य द्यावं असं सांगतं, त्यावरून विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ साली झाला पण अंमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. म्हणून ९ नोव्हेंबरला विधी सेवा दिन असतो.

सगळ्यात मोठा गैरसमज उत्पन्नाचा आहे. लोकांना वाटतं दाखला लागणार, तलाठ्याकडे खेटे घालावे लागणार, पण या कायद्याचं कलम १२ नीट वाचलं तर बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त आणि कोठडीत किंवा जेलमध्ये असलेला कुणीही, यांना उत्पन्नाची अटच नाही. म्हणजे नवऱ्याचा पगार कितीही असो, पोटगीसाठी भांडणाऱ्या बाईला वकील मिळतो, आणि हेच तिला कुणी सांगत नाही! बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे.

फौजदारी केसमध्ये तर कोर्टाने स्वतःहून विचारायला हवं. १९७८ च्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कैद्याला निकालाची प्रत मोफत द्यायची आणि अपिलासाठी वकीलही द्यायचा. १९८६ च्या सुक दास केसमध्ये आरोपीने वकील मागितला नव्हता, पण मागता येतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं म्हणून शिक्षाच रद्द झाली. माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा निकाल हाच, कारण ज्याला हक्क माहीतच नाही तो मागणार कसा.

अर्ज तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा कोर्टातल्या प्राधिकरणाकडे साध्या कागदावर करता येतो, लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलं तरी तिथला माणूस लिहून घेतो. वकिलासोबत कोर्ट फी, टायपिंग, कागदपत्रांच्या नकला हा खर्चही यात येतो. १५१०० ही हेल्पलाइन आहे.

वकील पॅनलवरचे, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतले असतात आणि त्यांना मिळणारं मानधन कमी, त्यामुळे काही जण मनापासून लढतात तर काही नुसत्या तारखा घेतात, ही तक्रार खरी आहे. २०२२ पासून आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ वकील नेमायला सुरुवात झाली, त्यांना खाजगी केसेस घेता येत नाहीत, ही सुधारणा फार आधी व्हायला हवी होती.

लोक अदालतही याच कायद्यात येते. तिथे तडजोड झाली की भरलेली कोर्ट फी परत मिळते, पण त्या निवाड्यावर अपील नसतं, त्यामुळे सही करायच्या आधी रक्कम आणि अटी वकिलाकडून नीट समजून घ्याव्यात.