शून्य की ०.६९३?

सांगलीत टी.वाय.ला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला, गणितातलं रिअल अॅनालिसिस शिकवताना हल्ली मी एक उद्योग करतो. मोबाइलवरच्या एआयला सांगतो, ‘खोटी सिद्धता लिही, पण चूक सहज सापडता कामा नये.’ ती फळ्यावर उतरवायची आणि पोरांना म्हणायचं, शोधा.

परवाची अशी होती. १ − १/२ + १/३ − १/४ … ही श्रेणी घ्या. वजा असलेली पदं आधी अधिक करू, मग त्यांची दुप्पट वजा करू. १/२, १/४, १/६ यांची दुप्पट म्हणजे १, १/२, १/३. म्हणजे १ + १/२ + १/३ … मधून तीच बेरीज गेली. उत्तर शून्य!

वर्ग गप्प. तासगावहून एसटीने येणारी एक मुलगी मात्र कॅल्क्युलेटर बडवत होती. “सर, ०.५, ०.८३३, ०.५८३, ०.७८३... हे अर्ध्याच्या खाली येतच नाही. शून्य कसं होईल?” खरं उत्तर ०.६९३, म्हणजे २ चा नैसर्गिक लॉगॅरिदम.

मग चुकलं कुठे? ते सापडेपर्यंत तास संपत आला. १ + १/२ + १/३ … ही श्रेणी अपसारी आहे, तिची बेरीज कुठे थांबतच नाही. १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त, पुढची चार पदं मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त, त्यापुढची आठही तशीच. चौदाव्या शतकात फ्रान्सच्या निकोल ओरेमने हे दाखवलं. चाल मात्र इतकी संथ की १० ओलांडायला १२,३६७ पदं लागतात, २० ओलांडायला सत्तावीस कोटींहून जास्त. अशा अनंतातून अनंत वजा करून आम्ही शून्य काढलं होतं.

एआयमागचं भाषेचं मॉडेल पुढे कोणता शब्द येईल याचा अंदाज बांधत लिहितं. त्यामुळे खरी आणि खोटी सिद्धता ते सारख्याच ठसक्यात मांडतं. मला हे फावतं. पुस्तकातली सिद्धता पोरं आरतीसारखी पाठ करतात, मोबाइलची चूक काढायला मात्र हिरीरीने पुढे येतात. (गृहपाठही त्याच मोबाइलवरून येतो, ते वेगळं.) ‘लीन’ ही संगणकभाषा सिद्धतेची पायरी न् पायरी तपासते. तिथे अशी वजाबाकी करायची तर दोन्ही श्रेणी अभिसारी, म्हणजे ठरावीक बेरजेकडे जाणाऱ्या, असल्याचा पुरावा आधी द्यावा लागतो. आमची सिद्धता तिथेच अडली असती.

दुसऱ्या दिवशी तीच मुलगी विचारते, “एका अधिक पदामागे दोन वजा पदं घेतली तर?” पदं तीच, क्रम फक्त बदललेला. एआयने सांगितलं, बेरीज निम्मी होते, ०.३४७. तिचा विश्वास बसला नाही. एसटीत बसून तिने वहीत तीस पदं मांडली.

या वेळी एआय बरोबर होता.