‘मी’चं करायचं काय? काळ्या (‘न्वार’) गुप्तहेरकथा पडद्यावर कशा आल्या

डॅशिएल हॅमेटची ‘द माल्टीज फाल्कन’ ही गुन्ह्यांच्या काळोख्या जगातली गुप्तहेर कादंबरी १९३० साली पुस्तकरूपात आली आणि वॉर्नर ब्रदर्सनं तिच्यावर तीनदा सिनेमा काढला: १९३१, १९३६ आणि १९४१. १९३४पासून हॉलिवूडची आचारसंहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं नाही याचे नियम, कडक झाल्यामुळे पहिला पुन्हा लावता येईना. दुसऱ्यात तिची कॉमेडी झाली. जॉन ह्यूस्टननं केलेला तिसरा टिकला. त्यानं पुस्तकातले संवाद बरेचसे तसेच ठेवले, पण निम्मं श्रेय हॅमेटचं. त्याचं निवेदन कुणाच्या मनात शिरतच नाही. गुप्तहेर सॅम स्पेड सिगारेट कशी वळतो, एवढंच सांगतं. अर्धी पटकथा तिथेच तयार होती.

रेमंड चँडलरशी गाठ पडली की हे जमत नाही. तिथे त्याचा गुप्तहेर मार्लो स्वतःच बोलतो, आणि वाचक गुन्ह्यापेक्षा त्या बोलण्यासाठी पानं उलटतो. हा ‘मी’ पडद्यावर आणायचा कसा? १९४४च्या ‘मर्डर, माय स्वीट’मध्ये डोळ्यांवर पट्टी बांधलेला मार्लो पोलिसांना जबानी देतो, त्यामुळे पार्श्वनिवेदनाला कारण मिळतं. आजही याहून सोपी युक्ती नाही. १९४७च्या ‘लेडी इन द लेक’मध्ये रॉबर्ट माँटगोमेरीनं कॅमेऱ्यालाच मार्लोचे डोळे केलं. नायक बहुतेक आरशातच दिसतो, ठोसा थेट भिंगावर येतो. गंमत थोड्या वेळात ओसरते. समोरच्याचं बोलणं नायकाला कुठं लागलं, हे त्याच्या चेहऱ्यावर वाचायचं असतं, आणि चेहराच नाही.

१९४६च्या ‘द बिग स्लीप’चा गोंधळ तर मुळातच होता. चँडलरनं आपल्या जुन्या कथा जोडून ती कादंबरी बांधली होती आणि सांधे उघडे राहिले. त्यात आचारसंहितेमुळे अश्लील पुस्तकांचा धंदा धूसर करावा लागला, म्हणून ब्लॅकमेलचं कारण नीट कळत नाही. सिनेमाच्या १९४५च्या आवृत्तीत उलगडा करणारा एक प्रसंग होता. तो कापून नायक-नायिकेचे, म्हणजे बोगार्ट-बॅकॉलचे, प्रसंग वाढवले. सिनेमा त्यानं सुधारला, असंच आमचं मत.

त्याच सिनेमाच्या पटकथालेखकांपैकी ली ब्रॅकेटनं पुढं १९७३च्या ‘द लाँग गुडबाय’ची पटकथा लिहिली. रॉबर्ट ऑल्टमननं त्यातल्या मार्लोला स्वतःशीच पुटपुटायला लावलं. निवेदन गेलं, ‘मी’ राहिला.

नागपुरात अशी गोष्ट रचायची तर माल कमी नाही: एकाच प्लॉटचे दोन खरेदीखत, लेआउटचे वाद, डिसेंबरातलं अधिवेशन. ‘मी’ला मात्र पुस्तकी मराठी देऊ नये. पाठलाग करणारा माणूस “तो बर्डीवर फिरून राहिला होता” (म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात फिरत होता) असंच म्हणेल, आणि त्या ‘राहिला’त पाळत आपोआप येते. उन्हाळ्यात शूटिंग असेल तर टेकच्या वेळी कूलर बंद ठेवावा लागतो, नाहीतर पुटपुटणं घरघरीत बुडतं. खिडकीच्या पट्टीदार पडद्याच्या तिरप्या सावल्या हव्या असतील तर भरदुपारचं ऊन निरुपयोगी: मेच्या अखेरीस इथं सूर्य माथ्यावर येतो नि सावली पायाखाली जाते. सकाळी लवकर किंवा पाचनंतर, नाहीतर खिडकीबाहेर दिवा.