अ‍ॅड्रीनलच्या गाठी: निदान इथवर कसं आलं

ठाण्यात काय, वाशी-नेरूळला काय, मूतखड्यासाठी पोटाचा सीटी स्कॅन काढणं आता नेहमीचं झालंय. कधीकधी त्या रिपोर्टात खड्याच्या खाली आणखी एक ओळ असते: 'डाव्या अ‍ॅड्रीनलमध्ये २२ मिमीची गाठ.' घरच्यांची झोप उडते ती या ओळीने. अ‍ॅड्रीनल म्हणजे मूत्रपिंडांवर बसलेल्या, हार्मोन तयार करणाऱ्या दोन छोट्या ग्रंथी.

१८८६ साली जर्मनीत एका १८ वर्षांच्या मुलीच्या दोन्ही अ‍ॅड्रीनलमधल्या गाठी शवविच्छेदनातच दिसल्या होत्या. १९७०च्या दशकात सीटी आलं आणि कसलाही त्रास नसलेल्या माणसांतही गाठी सापडू लागल्या. सत्तरीपुढे तर १० टक्क्यांपर्यंत लोकांत त्या असतात. बहुतेक निरुपद्रवी.

खरा वाद झाला तो पुढे किती तपासायचं यावर. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २००२मध्ये ६ सेंटिमीटरवरची गाठ काढा, लहान असेल तर ६ ते १२ महिन्यांनी पुन्हा स्कॅन आणि ४ वर्षं दरवर्षी हार्मोन तपासा, असं सुचवलं. युरोपीय तज्ज्ञांनी २०१६मध्ये हे बरंच सैल केलं: प्लेन (कॉन्ट्रास्टचं औषध न देता काढलेल्या) स्कॅनवर गाठ एकसारखी, घनता १० एचयू (हाउन्सफिल्ड युनिट, सीटीवर घनता मोजायचं एकक) किंवा कमी आणि आकार ४ सेंटिमीटरच्या आत असेल, तर पुन्हा स्कॅन नको. २०२३मध्ये त्यांनी आकाराची अटही काढली. मोठी गाठ नुसती सोडून द्यायला अनेक सर्जन आजही तयार नाहीत. मला मात्र हा निर्णय योग्य वाटतो. इतकी कमी घनता म्हणजे गाठीत चरबी भरपूर, आणि कॅन्सर सहसा तसा नसतो. म्हणून रिपोर्टात एचयूचा आकडा हवाच. मूतखड्याचा स्कॅन बिनाकॉन्ट्रास्टचाच असल्यामुळे तो त्याच स्कॅनवरून मोजता येतो, तरी कित्येक रिपोर्टांत नुसता आकार लिहून मोकळे होतात.

स्कॅन थांबला तरी रक्ततपासणी चुकत नाही. रात्री ११ वाजता डेक्सामेथासोन (एक स्टिरॉइड) १ मिलिग्रॅम, सकाळी रक्तातलं कॉर्टिसॉल हे अ‍ॅड्रीनलचं हार्मोन, ते डेसिलिटरमागे १.८ मायक्रोग्रॅमच्या वर राहिलं तर गाठ स्वतःहून हार्मोन सोडतेय अशी शंका. बीपी असेल तर ते वाढवू शकणाऱ्या अल्डोस्टेरॉन-रेनिनचीही तपासणी. घनता १०च्या वर असेल तर मेटानेफ्रिन्स (अ‍ॅड्रीनॅलिनसारख्या हार्मोनचे शरीरात उरणारे अंश) पाहिल्याशिवाय तुकडा काढायला सुई घालायची नाही. फिओ, म्हणजे अ‍ॅड्रीनॅलिनसारखी हार्मोन सोडणारी फिओक्रोमोसायटोमा ही गाठ, निघाला तर बीपी भडकून जीवावर बेतू शकतं.

दोन्ही बाजूंच्या अ‍ॅड्रीनल सुजलेल्या असतील तर आपल्याकडे टीबी आणि हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी आधी आठवायला हवी. युरोपीय नियमावली पाहताना नेमकं हेच मागे पडतं.