सिस्टर असं का विचारतात?

‘नर्सने शरीरसंबंधांबद्दल विचारलं म्हणजे तिला आपल्या चारित्र्याचा संशय आलाय’ असा समज वर्षानुवर्षं फिरतोय. खरं कारण वैद्यकीय असतं. मधुमेहात नसा आणि रक्तवाहिन्या खराब होऊन लिंगाची ताठरता कमी होऊ शकते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी इच्छा मंदावते. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून ताठरतेची तक्रार कधीकधी हृदयविकाराच्या आधीच दिसते. पाळी गेल्यावर काही बायकांना योनीच्या कोरडेपणाने संबंधाच्या वेळी दुखतं, त्यावर उपचार आहेत. विचारल्याशिवाय हे कळणार कसं? लाजेपोटी काहीजण गोळ्या परस्पर बंद करतात, ते फार धोक्याचं.

हे प्रश्न परवानगी घेऊन, एकांतात विचारायचे असतात. उत्तर नाकारता येतं. खात्री करायची तर औषधाच्या माहितीपत्रकातले दुष्परिणाम वाचा, किंवा सरळ विचारा, ‘सिस्टर, हे कशासाठी?’