ब्रेकची नळी बदलली, बदललं काय?

भाच्याने गाडीला स्टीलची जाळी विणलेल्या ब्रेकच्या नळ्या बसवून घेतल्या आणि गॅरेजमधून थेट आमच्याकडे आला. "मामा, नुसतं पेडल दाबून बघ." दाबलं. पूर्वी पाय जरा रुतायचा, आता दगडावर ठेवल्यासारखा वाटला. मग तो म्हणाला, "गाडी आता जागच्या जागी थांबते." पेडलचं खरं होतं. थांबण्याचं नव्हतं.

पायाचा जोर चाकापर्यंत नेतं ते ब्रेक ऑइल. कोंडलेल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा सतराव्या शतकातला नियम. १९२१च्या सुमारास ड्यूसेनबर्ग कंपनीने तो गाडीच्या चारही चाकांना लावला. या ऑइलची वाट बहुतेक ठिकाणी धातूच्या पाइपातून जाते. पण चाक वळतं, खड्ड्यात वरखाली होतं, म्हणून शेवटचा फूट-दीड फूट लवचिक नळी, म्हणजे होज लागतो. जोरात ब्रेक मारला की आतला दाब हवेच्या दाबाच्या सत्तर-ऐंशी पटींच्या घरात जातो आणि रबरी होज किंचित फुगतो. गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि होजभोवती बोटं धरा. जुन्या होजचं फुगणं हाताला कळतं. पायाची थोडी चाल त्या फुगण्यात खर्ची पडते. जाळीवाल्या होजमध्ये आत टेफ्लॉनची नळी, बाहेर स्टीलची वीण. तो फारसा फुगत नाही, म्हणून पेडल घट्ट.

आता थांबण्याचं. गाडी थांबवते टायर आणि रस्त्यातली पकड. ताशी ८० किलोमीटर वेगात, कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर ब्रेक लागल्यापासून गाडी थांबायला साधारण ३२ मीटर लागतात. त्याआधी ब्रेकवर पाय जायला एक सेकंद लागला, तर त्यातच आणखी २२ मीटर निघून जातात. धडधाकट रबरी होजसुद्धा चाकं लॉक करण्याइतका, म्हणजे एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) जागं करण्याइतका दाब पोचवतो. पकड तिथेच संपली, पुढे होज सोन्याचा असला तरी काय करणार? त्या पैशांत टायर बदलले असते तर मीटर खरोखर कमी झाले असते.

घाटात ब्रेक दगा देतो तो बहुतेक वेळा उष्णतेने. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरा. सुमारे १,३०० मीटर उतार. माणसांसकट १,२०० किलोच्या गाडीची तेवढी सगळी ऊर्जा ब्रेकनेच जिरवली, तर त्या उष्णतेत ५० लिटर पाणी उकळेल! न्हाणीघरातला अख्खा बंब. वाऱ्याने ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, थंड होत राहते, इंजिनही काही भार उचलतं, पण न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवायला जाणारा माणूस हा बंब चाकांवर तापवत असतो.

आणि इथे ऑइलची गोम आहे. ग्लायकॉलवर आधारलेलं नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. कोकणातला पावसाळा म्हणजे त्याला मेजवानीच. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असा निकष आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं की तो निकष १५५ वर येतो. डिस्क आवळणाऱ्या तापलेल्या कॅलिपरमध्ये पाय सोडल्यावर दाब उतरतो, ऑइल उकळून वाफेचे बुडबुडे होतात आणि पुढच्या वेळी पाय दाबतो तो फक्त वाफच दाबतो. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये पाणी भरा, तोंडावर बोट ठेवून दट्ट्या दाबा. मग तेच हवा भरून करा. फरक लगेच कळेल.

भाच्याला विचारलं, आधीचं ऑइल कधी बदललं होतंस?

"गाडी घेतल्यापासून नाही. पाच वर्षं झाली असतील."

होज बदलायचा म्हणजे जुनं ऑइल सांडतं, नवं भरावं लागतं आणि ब्लीडिंग करून एअर काढावीच लागते. नुसत्या ब्लीडिंगनेही मऊ पेडल बरंचसं घट्ट होतं. म्हणजे त्याच्या पायाला जाणवलं त्यातलं बरंचसं काही शे रुपयांच्या ऑइलचं असू शकतं, आणि श्रेय गेलं काही हजारांच्या नळीला.

नळी अगदीच निरुपयोगी, असंही नाही. ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्याला पायाखालची नेमकी जाणीव लागते. रबरी होजला भेगा पडल्या असतील, किंवा तो आतून सुजून ऑइल परत येऊ देत नसेल, तर बदलावाच लागतो. आतून सुजला की ब्रेक सोडला तरी एक चाक धरून राहतं, गाडी एका बाजूला ओढते. अशा वेळी जाळीवाला घ्यायला हरकत नाही, पण वर प्लॅस्टिकचं आवरण असलेला घ्या. उघड्या विणीत वाळू-चिखल शिरला की स्टीलच्या तारांबरोबर तो आतली नळी कुरतडत बसतो, आणि वरून जाळी चकचकीतच दिसते.

भाचा पुढच्या महिन्यात गोव्याला निघालाय. पुढचे दोन टायर मी पाहिले. गोटा झालेत.