ओळ बदलली, एकूण का बदललं नाही? प्रॉपर्टीचेंज्ड आणि कलेक्शनचेंज्ड

समजा, बेळगावातल्या कुंद्याच्या दुकानासाठी डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोजवरचे पडदे बनवायची डॉटनेटची चौकट) बिलाचा प्रोग्रॅम करताय. किलोचा भाव 600 रुपये धरला तर अर्ध्या किलोच्या ओळीत 300, खाली एकूणही 300. गिऱ्हाईक म्हणतं, "पाऊण किलोच द्या." वजनात 750 ग्रॅम टाकलं, ओळीत 450 झाले आणि एकूण मात्र 300 वरच बसून राहिलं.

ओळी ऑब्झर्व्हेबलकलेक्शनमध्ये (स्वतःतला बदल कळवणारी यादी) आहेत, ओळीचा क्लास प्रॉपर्टीचेंज्ड हा इव्हेंट, म्हणजे बदलाचा निरोप, नीट उडवतो, मग अडलं कुठं? प्रॉपर्टीचेंज्ड आणि यादीचा कलेक्शनचेंज्ड, या दोन इव्हेंटना एकच समजण्यात.

प्रॉपर्टीचेंज्ड हा एका ऑब्जेक्टचा निरोप. "माझी रक्कम बदलली" एवढंच तो सांगतो. सोबत फक्त प्रॉपर्टीचं नाव असतं. जुनी किंमत नसते, नवीही नसते. ती बाइंडिंगने (पडदा आणि प्रॉपर्टी जोडणारा दुवा) गेटरकडून, म्हणजे प्रॉपर्टीच्या वाचायच्या कोडकडून, वाचून घ्यायची. (जावातून आलेल्यांना इथं चुकल्यासारखं होतं, कारण तिकडच्या इव्हेंटमध्ये दोन्ही किमती येतात.) म्हणून सेटरमध्ये (प्रॉपर्टीत किंमत भरणारा कोड) आधी फील्ड बदला, मग इव्हेंट उडवा. उलट केलंत तर पडद्यावर जुनाच आकडा राहील. बोलवणाऱ्या प्रॉपर्टीचं नाव आपोआप भरणारा कॉलरमेंबरनेम वापरला तर वजनाच्या सेटरमधून फक्त "वजन" हे नाव जातं. रक्कम वजनावरून निघते, तिचा इव्हेंट वेगळा उडवावा लागतो. नाव हाताने लिहून एक अक्षर चुकलं तर एरर येत नाही, पडदा फक्त गप्प राहतो. नेमऑफ वापरा, म्हणजे चुकलेलं नाव कंपायलरच पकडेल.

कलेक्शनचेंज्ड हा यादीचा निरोप: ॲड, रिमूव्ह, रिप्लेस, मूव्ह, रीसेट, एवढे पाचच प्रकार. ओळ आली-गेली हे त्याला कळतं, ओळीच्या पोटात काय बदललं ते नाही. 500 चे 750 झाले तेव्हा यादी तीच, ओळही तीच. मग तो कशाला बोलेल?

म्हणजे एकूण दाखवणाऱ्या व्ह्यूमॉडेलने (पडद्याला माहिती पुरवणारा क्लास) दोन्हीकडे कान द्यायचे. कलेक्शनचेंज्ड आला की न्यूआयटम्समधल्या प्रत्येक ओळीच्या प्रॉपर्टीचेंज्डला हँडलर (इव्हेंट आला की चालणारी मेथड) जोडा, ओल्डआयटम्समधल्यांचा काढा आणि स्वतःच्या "एकूण"साठी प्रॉपर्टीचेंज्ड उडवा. ओळीची रक्कम बदलली की तोच इव्हेंट परत.

खरी फसगत क्लिअरमध्ये आहे. नवीन बिल म्हणून यादी क्लिअर केली की रीसेट येतो आणि त्यात ओल्डआयटम्स नल असतं. काढायचे हँडलर कोणाचे, हे कळायला मार्गच नाही. होल्डवर ठेवलेल्या बिलात त्या ओळी जिवंत असतील तर न सुटलेल्या हँडलरमुळे त्या आपल्या व्ह्यूमॉडेललाही मेमरीत धरून ठेवतात. आमच्या मते ऑब्झर्व्हेबलकलेक्शन इनहेरिट करणारा आपला क्लास लिहून क्लिअरआयटम्स ओव्हरराइड करणं सगळ्यात स्वच्छ: आधी हँडलर सोडवा, मग बेस क्लासचं क्लिअर बोलवा.

क्लिअर न करता यादीच नवी दिली, तर ते काम प्रॉपर्टीचेंज्डचं. जुन्या यादीचे आणि ओळींचे हँडलर सोडून नव्याला जोडायला विसरू नका.

थ्रेडच्या बाबतीतही दोघांचा स्वभाव वेगळा. बॅकग्राउंड थ्रेडवरून प्रॉपर्टीचेंज्ड उडाला तर डब्ल्यूपीएफचं बाइंडिंग तो स्वतः यूआय थ्रेडवर (पडदा सांभाळणारा थ्रेड) नेतं. तुमचे हँडलर मात्र बॅकग्राउंडवरच चालतात. बाइंड केलेल्या यादीत तिथून ॲड केलंत तर थेट नॉटसपोर्टेडएक्सेप्शन. यूआय थ्रेडकडे काम सोपवणाऱ्या डिस्पॅचरमधून ॲड करा, किंवा डॉटनेट 4.5 पासून असलेलं इनेबलकलेक्शनसिंक्रोनायझेशन लॉकसकट वापरा.

आपल्याकडे बिलाला मराठी-कन्नड बटण लागतंच. "एकूण"चं "ओट्टु" करताना प्रत्येक लेबलचं नाव घेत बसू नका. प्रॉपर्टीचेंज्डला रिकामी स्ट्रिंग दिली की त्या ऑब्जेक्टची सगळी बाइंडिंग पुन्हा वाचली जातात. फक्त त्याच ऑब्जेक्टची, बरं का. मालाचं नाव ओळीच्या ऑब्जेक्टमध्ये असेल तर प्रत्येक ओळीवर तोच इव्हेंट उडवावा लागतो, नाहीतर खाली "ओट्टु" आणि वर मराठी नावं असं बिल दिसेल.